तिकिटाची वाचनखूण

ताडोबाच्या जंगलातून आठवण म्हणून काय उचलून आणता येतं? कायद्याने पाहिलं तर काहीच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे राष्ट्रीय उद्यानातली वनसंपत्ती परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. मोराचं गळलेलं पीस त्यात आलं, सागाचं वाळकं पानही आलं. पर्यटकाच्या खिशात उरतो तो कागद. मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या गेटवर दाखवलेली बुकिंगची प्रिंट, एसटीचं तिकीट, नकाशाची घडी, वाटेतल्या हॉटेलचं बिल. आठवडाभर हे सगळं पाकिटात राहतं आणि मग केरात जातं. त्याची वाचनखूण करायला अर्धा तास पुरे होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत कागद आणि जंगल यांचं नातं तसं जुनं आहे. बल्लारपूरचा कागद कारखाना गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकात उभा राहिला, तो इथल्या बांबूच्या भरवशावर. वर्षानुवर्षं बांबू कारखान्याकडे जायचा आणि गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी यायची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने हे चित्र बदललं. सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळूनही बांबू बाहेर नेण्याचे पास ग्रामसभेला मिळाले ते थेट 27 एप्रिल 2011 रोजी. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी पासांचं पुस्तक गावात येऊन सुपूर्द केलं. या भागात कागदाच्या कपट्याला किती वजन असू शकतं, ते यावरून कळावं.

प्रवाशाचे कागद अर्थात इतके भारदस्त नसतात, पण त्यांच्याही जाती आहेत. कात्री हातात घेण्याआधी जात ओळखलेली बरी.

एसटीच्या मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. त्यात शाई नसतेच. कागदावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा पडतो आणि तीच अक्षरं होतात. म्हणूनच आलापल्ली ते भामरागड असं हौसेने जपलेलं तिकीट काही महिन्यांत कोरं होतं. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं तर आणखी लवकर. आणि टिकावं म्हणून कोणी ते गरम लॅमिनेशनला दिलं, तर सगळा कागदच काळाठिक्कर होऊन बाहेर येतो. अशा तिकिटाची साधी झेरॉक्स काढावी आणि वाचनखुणेवर तीच चिकटवावी. झेरॉक्सची काळी पूड कागदावर वितळून बसलेली असते, ती अशी उडत नाही.

रेल्वेचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट याच्या अगदी उलट. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट मार्गावर नव्वदच्या दशकापर्यंत छोटी (नॅरोगेज) गाडी धावत होती, तर नागपूर-नागभीडची छोटी लाइन 2019 च्या अखेरीपर्यंत टिकली. त्या काळातलं पुठ्ठ्याचं तिकीट कोणाच्या घरी असेल तर ते चिकटवू नये, कापू तर मुळीच नये. साधारण 57 मिलिमीटर लांब आणि 30 मिलिमीटर रुंद असलेलं हे तिकीट इतकं जाड असतं, की पुस्तक मिटल्यावर पानांवर वळ उठतो. त्याचीही झेरॉक्स किंवा रंगीत प्रिंटच बरी.

वाचनखुणेच्या पट्टीसाठी जुनी लग्नपत्रिका झकास. वरोऱ्याच्या आनंदवनातून आणलेलं एखादं शुभेच्छापत्र असेल तर त्याची मागची कोरी बाजूही चालेल. पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब पट्टी कापावी. कापण्याआधी पत्रिका उभी आणि आडवी हलकेच वाकवून पाहावी. एका दिशेने ती सहज वाकते, दुसऱ्या दिशेने अडते. वर चिकटवायचा कागदही तसाच तपासून दोन्हींची सहज वाकणारी दिशा जुळवावी. हे टाळलं की वाळताना पट्टी पापडासारखी वळते, आणि दोष मात्र डिंकाला मिळतो.

डिंकापेक्षा मैद्याची खळ चांगली. बुकबाइंडर तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. घरी लहान मुलं असतील तर मोरचूद नको, ते विषारी असतं. खळ पातळ लावावी, मधून कडेकडे बोट फिरवून हवा काढावी आणि पट्टी दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर जड पुस्तकाखाली दाबून ठेवावी. चिकटपट्टीला हात लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा तेलकट डाग पुस्तकाच्या पानावर उतरतो. वरच्या टोकाला भोक पाडून सुती दोरा ओवला की काम झालं. गोंडा पातळच ठेवावा.

मागच्या बाजूला तारीख, कुठून कुठे आणि सोबत कोण होतं, एवढं पेन्सिलीने लिहून ठेवावं. आणि एसटीच्या तिकिटाची झेरॉक्स मात्र घरी पोचल्याच्या आठवड्यातच काढावी, अक्षरं थांबत नाहीत.