मुख्य यादीबाहेरची गाणी

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश बँडच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. त्या दौऱ्यात बँड ज्या बोईंग ७५७ मधून देशोदेशी फिरला, ते विमान चालवणाऱ्यांत तोही होता. वर्तमानपत्रांना या गोष्टीचं भारी कौतुक वाटलं, आणि ते साहजिकच होतं. मला मात्र या माणसाचं दुसरं एक काम जास्त मोलाचं वाटतं. १९९८ साली, बँडमध्ये नसताना, त्यानं ‘द केमिकल वेडिंग’ नावाचा एकट्याचा अल्बम केला. हेवी मेटलचा गायक बँड सोडून एकटा गातो तेव्हा काय घडतं, याचं त्याहून चांगलं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

डिकिन्सन १९८१ मध्ये मेडनमध्ये आला आणि १९९३ मध्ये बाहेर पडला. पहिला एकल अल्बम, ‘टॅटूड मिलियनेअर’, त्यानं बँडमध्ये असतानाच १९९० मध्ये काढला होता. त्याची सुरुवात एका भयपटासाठी केलेल्या गाण्यातून झाली. ते गाणं पुढे मेडननंच स्वतःसाठी घेतलं आणि त्या अल्बमवरचा गिटारवादक यानिक गर्सही मेडनमध्ये गेला. हलकाफुलका, मौजेचा अल्बम आहे तो. आठ वर्षांनी आलेला ‘केमिकल वेडिंग’ अगदी वेगळा निघाला. इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक याच्या कल्पनाविश्वावर तो उभा आहे, मुखपृष्ठावरही ब्लेकचंच चित्र आहे. गिटार रॉय झेड आणि एड्रियन स्मिथ यांची. निर्मिती रॉय झेडचीच. गिटारींचा आवाज इतका जड की छातीवर बसतो, आणि त्यावरून डिकिन्सनचा मोकळा, उंच गळा चढत जातो. वर्षभरात तो मेडनमध्ये परतला. बँडच्या चौकटीत त्याला हा अल्बम करता आला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

या अल्बमची २००५ मध्ये वाढीव आवृत्ती निघाली. तिच्यात तीन जादा गाणी आहेत : ‘रिटर्न ऑफ द किंग’, ‘रिअल वर्ल्ड’ आणि ‘कॉन्फेओस’. अशा गाण्यांना बोनस ट्रॅक म्हणतात. ही गाणी कुठून येतात, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

एलपी तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच नीट बसत, त्यामुळे चाळीसेक मिनिटांत अल्बम आटपावा लागे. सीडी आली आणि ही मर्यादा चौऱ्याहत्तर मिनिटांवर गेली. उरलेली जागा भरायला जुनी, बाजूला ठेवलेली ध्वनिमुद्रणं कामी आली. दुसरं कारण जपानमधलं. तिथे पुस्तकं आणि ध्वनिमुद्रिका ठरलेल्या किमतीलाच विकायची मुभा कायद्यानं कंपन्यांना दिलेली आहे. त्यामुळे जपानी सीडी महाग, आणि अमेरिकेतून आयात केलेली तीच सीडी स्वस्त. गिऱ्हाईक आयात सीडीकडे वळू नये म्हणून कंपन्या जपानी आवृत्तीत एखाददुसरं जादा गाणं घालू लागल्या. म्हणजे बोनस ट्रॅकची चाल बऱ्याच अंशी व्यापारी गणितातून पडली. पण मेटल रसिकांनी ती गाणी मिळवण्यासाठी जीव टाकला, कारण जपानी आवृत्ती हाती लागली नाही तर ते गाणं ऐकायलाच मिळत नसे.

काही बोनस गाणी खरंच टाकाऊ असतात, हे मान्य करायला हवं. पण उरलेल्यांतून गायकाची निवड कळते. ‘रिटर्न ऑफ द किंग’ कमकुवत गाणं मुळीच नाही. मोठ्या गायकाच्या हातून किती चांगलं काम बाजूला ठेवलं जातं, हे अशा गाण्यावरून उमगतं. ‘जुडास प्रीस्ट’चा गायक रॉब हॅलफर्ड याचंही तसंच. १९९२ मध्ये तो बँडबाहेर पडला आणि २००० मध्ये ‘रिझरेक्शन’ हा अल्बम घेऊन आला. निर्माता पुन्हा रॉय झेडच. त्यात हॅलफर्ड आणि डिकिन्सन यांचं एक युगुलगीत आहे. मेटलमधले दोन सर्वांत तयार गळे एका गाण्यात! ‘सॅड विंग्ज’ हे गाणं मात्र जपानी आवृत्तीच्या वाट्याला गेलं. पुढच्या आवृत्त्यांत इतर जादा गाणीही आली.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात या संगीताची मुळं मुंबईत आहेत. १९८४ मध्ये सुरू झालेला बँड ‘रॉक मशीन’ : गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर. १९९३ मध्ये त्याचंच नाव ‘इंडस क्रीड’ झालं. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळावा भरू लागला आणि धोबीतलावचं रंगभवन हे त्याचं घर झालं. आजूबाजूला रुग्णालयं आणि महाविद्यालय असल्यामुळे तो परिसर शांतता विभाग ठरला आणि रंगभवनातलं संगीत थांबलं. मुंबईच्या रॉकचं यानं झालेलं नुकसान आजही भरून निघालेलं नाही.

याच सुमारास साहिल मखीजा हा मुंबईचा तरुण पुढे आला. २००० मध्ये त्यानं ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड काढला. गायक आणि गिटारवादक तोच. मोठ्या कंपन्या या संगीताकडे ढुंकून बघत नव्हत्या, म्हणून त्यानं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मेटलचे कार्यक्रम भरवले, ‘रेप्टिलियन डेथ’सारखे दुसरे बँडही चालवले. २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हा अल्बम आला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार बँडला मिळाला. २०१४ मध्ये हा बँड जर्मनीत वाकेनच्या महोत्सवात वाजला. २०१७ चा ‘दशावतार’ तर मराठी वाचकानं मुद्दाम ऐकावा : मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक गाणं.

‘डेमॉनस्टीलर’ या नावानं साहिल एकट्याचे अल्बम काढतो. पहिला २००८ चा, ‘अँड केऑस विल रेन’. दुसरा २०१६ चा, ‘धिस बर्डन इज माइन’. या दुसऱ्यावर ड्रम वाजवले आहेत ‘नाइल’ या अमेरिकी बँडचा ग्रीक वादक जॉर्ज कोलियस यानं. मुंबईचा गायक आपली गाणी रचतो आणि जगातला एक अव्वल ड्रमवादक परदेशातून त्यावर साथ करतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘द प्रोपगंडा मशीन’वर तर निरनिराळ्या देशांतले अनेक ड्रमवादक आणि बासवादक आहेत. डिकिन्सन बँडच्या बाहेर पडला तेव्हा त्याच्यामागे मोठी कंपनी होती. साहिलनं सगळं उभं केलं ते स्वतःच. म्हणून मला त्याचं काम अधिक अवघड वाटतं.

‘प्रोपगंडा मशीन’मध्ये आठ गाणी आहेत. अपप्रचार, भीती पसरवून माणसं हाकणं, द्वेष, हुकूमशाही हे त्यांचे विषय. राक्षस आणि मृत्यू यांच्यात रमलेल्या संगीतात एवढा थेट, आजचा विषय घेणं धाडसाचं आहे. गायनात दोन रीती आहेत : एक साफ, सुरेल आणि दुसरी गुरगुरणारी. ही गुरगुर म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे. स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांना कंप देऊन, पोटातून श्वास लावून ती काढायची असते. शिकल्याशिवाय कुणी करू गेला तर घसा बसतो. ड्रमचा वेग पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोंधळाचा वाटतो. पण शेकून ताणलेली हलगी दोन काठ्यांनी कडाडते तेव्हा आपल्या अंगात जे शिरतं, तेच इथेही शिरतं. कान त्या वेगाला सरावला की आतली चाल सापडते.

मी हे आष्टी तालुक्यातल्या कड्याहून लिहितो आहे. कांद्याच्या बाजाराचं हे गाव. नगर-आष्टी रेल्वे २०२२ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं. मेटल मात्र त्याआधीच मोबाइलवरून इथं पोचलं होतं. पूर्वी असं काही ऐकायचं तर मुंबई-पुण्याच्या कुणाकडून कॅसेट मागवावी लागे, आणि जपानी आवृत्तीतलं गाणं तर स्वप्नातही नव्हतं. आज डिकिन्सनची ती तीन जादा गाणी बाजारपट्टीवरच्या दुकानात बसून ऐकता येतात. त्याच मोबाइलवर खोट्या बातम्या आणि भडकवणारे व्हिडिओही दिवसभर येत राहतात. साहिलचा अल्बम नेमका याच गोष्टीबद्दल आहे, म्हणून तो मला गावातला वाटतो. इंग्रजीत असूनही.

एक खंत आहे. स्ट्रीमिंगमुळे बोनस ट्रॅक सहज मिळतात, पण त्यांचं वेगळेपण गेलं. मूळ अल्बम कुठे संपला आणि जादा गाणं कुठे सुरू झालं, हे कळतच नाही. एकामागून एक सगळं वाजत राहतं. गायकानं ठरवलेला शेवट हा त्याच्या रचनेचाच भाग असतो. ‘केमिकल वेडिंग’ दहा गाण्यांचा आहे आणि दहाव्या गाण्यावर तो पूर्ण होतो. तिथे मिनिटभर थांबावं, मग जादा गाणी लावावीत.

गावोगावच्या पोरांना माझं सांगणं आहे. ‘प्रोपगंडा मशीन’ एकदा सलग ऐका, आठही गाणी, क्रमानं, शब्द समोर ठेवून. पहिल्या वेळी आवाज अंगावर येईल. दुसऱ्यांदा ऐका. आवडला तर बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरून विकत घ्या, कारण एकट्यानं काम करणाऱ्या गायकापर्यंत पैसा तिथून अधिक थेट पोचतो. आणि तुमच्यापैकी कुणाकडे गिटार असेल, शेजारी हलगी वाजवणारा असेल, तर मोबाइलवर का होईना, ध्वनिमुद्रण करून ठेवा. मराठवाड्याच्या बोलीतल्या मेटल अल्बमची मी वाट बघतो आहे.