साचा थंड, म्हणून प्लॅस्टिक लवकर घट्ट?

उज्जैनच्या विक्रम उद्योगपुरीत वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र पार्क उभारले जात आहे. एकदाच वापरायच्या सिरिंजची नळी बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीनची असते. अशा वस्तू बनवण्याच्या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने या प्लॅस्टिकविषयीचे काही जुने समज आधीच तपासून घ्यावेत.

सर्वांत चिवट समज असा, की साचा जितका थंड, तितके प्लॅस्टिक घट्ट करणारे स्फटिक लवकर बनतात. पण साचा फार थंड केला, तर वितळलेल्या लांब साखळ्यांची हालचालच मंदावते आणि त्यांना नीट रचून बसायला वेळ मिळत नाही. पेट बाटलीची प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची नळी, झटकन थंड केल्यामुळेच काचेसारखी राहते; ती सावकाश थंड झाली, तर दुधाळ होते. स्फटिक लवकर हवे असतील, तर त्यांना सुरुवात करायला बीज द्यावे लागते. खडीसाखरेच्या पाकात दोरा सोडतात, ते याचसाठी. पॉलीप्रॉपिलीनमध्ये हे काम सोडियम बेंझोएट किंवा सॉर्बिटॉलपासून बनवलेली द्रव्ये करतात. एरवी साधारण ११० अंशांच्या आसपास होणारे स्फटिकीभवन त्यामुळे १२० ते १३० अंशांवरच होते. वस्तू गरम असतानाच ताठ होते आणि साच्यातून लवकर काढता येते. मोल्डिंगच्या एका फेरीतला निम्म्याहून अधिक वेळ थंड होण्यातच जातो, त्यामुळे खरी बचत इथे आहे.

‘स्फटिक वाढले की नळी धुरकट होणार’ हेही खरे नाही. धुरकटपणा येतो तो मोठ्या स्फटिकगोलांमुळे. बीजे असंख्य असली, की गोल बारीक राहतात, प्रकाश कमी विखुरतो आणि आतले औषध स्पष्ट दिसते.

मात्रा वाढवून फायदा वाढत नाही. सॉर्बिटॉलवर्गीय द्रव्य सहसा ०.२ टक्क्यांच्या आसपास पुरते. त्यापुढे खर्चच वाढतो. शिवाय एकच द्रव्य सगळीकडे चालत नाही. नेहमीच्या पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांची रचनाच अनियमित असते, तिथे बीज घालून काही उपयोग नाही.

कारखान्यात सर्वाधिक घात करणारा समज रंगाबद्दलचा आहे. रंग म्हणजे नुसती शोभा, असे मानले जाते. पण थॅलोसायनिन निळा आणि हिरवा हे रंग स्वतःच बीजाचे काम करतात. त्याच साच्यातली निळी वस्तू पांढऱ्या वस्तूपेक्षा वेगळी आकसते, कधी वाकतेही, आणि झाकण बसेनासे होते. म्हणून रंग बदलला, की पहिल्याच नगांची मापे पुन्हा घ्या.