ससाणे मळ्यातला धडा

कॉलेजात गेलेल्या मुलीने घरी येऊन ‘एन.एस.एस.ला नाव घालू का?’ असे विचारले, की पहिला प्रश्न येतो, ‘त्याचे मार्क किती?’ असे विचारणाऱ्या आईबापांना आम्ही दोष देत नाही. पोटाला चिमटा घेऊन लेकरे शिकवणाऱ्याला हिशेब करावाच लागतो. पण या कामाचा हिशेब मार्कांवर संपत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतून सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एका सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे, अशी तिची रचना आहे. दत्तक गावात किंवा वस्तीत श्रमदान, पाहणी, आरोग्य व साक्षरतेचे काम चालते. ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ हे तिचे ब्रीद.

आपल्या पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. त्या माउलीचे अखेरचे काम आपल्या हडपसरातले, हे किती मुलांना ठाऊक आहे? १८९७ च्या प्लेगात त्यांनी व डॉक्टर असलेल्या त्यांच्या यशवंताने येथील ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा पोरगा आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. ज्याची सावलीही समाजाला चालत नव्हती, त्याला त्यांनी अंगाशी धरले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या सेवेला ना मार्क होते, ना प्रमाणपत्र.

आता एक कडू अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एका कॉलेजची मुले आली. त्यांनी झाडलोट केली, भिंतीवर स्वच्छतेच्या घोषणा रंगवल्या, फोटो काढले आणि दुपारी निघून गेली. जाताना कुणी आमच्या घरचे पाणीही प्यायले नाही. एक म्हातारी म्हणाली, ‘झाडू तर आम्ही जन्मभर मारतोय. माझ्या नातवाचा स्कॉलरशिपचा फॉर्म कोण भरून देणार?’

तिने शंभर टक्के खरे विचारले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवरचा अर्ज यांत एक कागद चुकला, की गरिबाच्या पोराचे वर्ष धोक्यात येते. कॉलेजची चार मुले रविवारी दोन तास समाजमंदिरात बसली, तर हे काम सहज होईल. त्यासाठी आधी वस्तीला विचारायला हवे, आणि शिबिर संपल्यावरही परत यायला हवे.

पालकहो, आपल्या मुलामुलींना या योजनेत जरूर पाठवा. आपली मुले केवळ सेवा घेणारी नाहीत, ती देणारीही आहेत. वस्तीची नाडी त्यांना पुस्तकाविना कळते. शिकलेला वर्ग समाजाकडे पाठ फिरवतो, ही खंत बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बोलून दाखवली होती.

तेव्हा मुलगी पुन्हा विचारील, तेव्हा ‘मार्क किती?’ याऐवजी ‘कोणत्या वस्तीत जाणार?’ असे विचारा. आणि परत आल्यावर, ‘तिथे कुणाच्या घरी चहा प्यायलीस?’ हेही विचारा.