मोत्याची अर्धी गोळी

बारा-तेरा वर्षांचा मोत्या एके दिवशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो आणि वर बघत राहतो. सांधे धरलेत, हे घरात सगळ्यांना कळतं. मग आजोबांच्या औषधांच्या डब्यातून वेदनाशामक निघतं. माणसाला एक, तर कुत्र्याला अर्धी, असा हिशेब करून ती पेढ्यात दडवली जाते.

हिशेब नुसता वजनाचा नसतो. नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक माणसाच्या रक्तात साधारण 15 तासांत निम्म्यावर येतं. कुत्र्यात त्याला तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीची गोळी पहिलीच्या डोक्यावर चढते. उलट थायरॉइडची गोळी कुत्र्याला वजनाच्या मानाने माणसाच्या दहापटीहून जास्त लागते! आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तर घरातल्या कुत्र्याला देऊच नयेत.

ही वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाहीत. सांध्यातला ठणका त्यांच्यामुळे असतो, हे खरं. पण जठराचं अस्तर राखणं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणं, ही कामंही त्यांचीच. म्हाताऱ्या कुत्र्याचं मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं आणि ते बोलून दाखवत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, तोवर मूत्रपिंडाची सुमारे 75 टक्के क्षमता गेलेली असते. म्हणून औषधाआधी रक्ततपासणी, आणि ते सुरू राहिलं तर अधूनमधून पुन्हा.

पशुवैद्य बहुधा मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन देतात. मेलोक्सिकॅमचा नेहमीचा डोस रोज किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 2 मिलिग्रॅम. माणसांची लहानातली गोळी 7.5 मिलिग्रॅमची. तिची अर्धीसुद्धा जवळपास दुप्पट झाली. (गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तेव्हा पर्याय म्हणून पुढे आलं तेही मेलोक्सिकॅमच.)

मोत्याला खाजेसाठी आधीच प्रेडनिसोलोन सुरू असेल, तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. ते आणि वेदनाशामक अशी दोन्ही एकत्र गेली, तर जठराला भोक पडू शकतं. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या.

वेदनाशामक सुरू असताना मोत्याने खाणं टाकलं, ओकाऱ्या काढल्या किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर त्याची पुढची गोळी देऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा.