जॅक्सनचं चॅनल तीन

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. १९५५ साली तिथल्या डब्ल्यूएलबीटी या टीव्ही केंद्रावर एनबीसी नेटवर्कचा वंशप्रश्नावरचा एक कार्यक्रम चालू होता. कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेचे वकील थर्गुड मार्शल त्यात बोलत होते. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा खटला त्यांनी आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता. अचानक मार्शल पडद्यावरून गेले आणि पाटी आली : केबलमध्ये बिघाड, क्षमस्व. बिघाड झालेलाच नाही, केंद्राने जाणूनबुजून कार्यक्रम तोडला, अशी तक्रार परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे एफसीसीकडे गेली. १९५७ मध्ये आणखी एक गेली. वर्णभेद टिकवा असं सांगणारा कार्यक्रम केंद्राने दाखवला आणि दुसऱ्या बाजूने वेळ मागितला तेव्हा नकार दिला, असं तिच्यात म्हटलं होतं. एफसीसीने हे सारे सुटे सुटे प्रसंग ठरवले आणि केंद्राला नेहमीप्रमाणे तीन वर्षांचा परवाना देऊन टाकला.

अमेरिकेतली व्यवस्था आपल्यापेक्षा वेगळी आहे, ती आधी समजून घेतली पाहिजे. नेटवर्क न्यूयॉर्कहून कार्यक्रम पाठवतं, पण गावोगावची केंद्रं बहुतांशी वेगळ्या मालकांची असतात. काय दाखवायचं आणि काय कापायचं हे ती ठरवतात, आणि आपल्या शहराच्या बातम्या स्वतः काढतात. त्यामुळे जॅक्सनच्या माणसाला आपल्या महापौराबद्दल, शाळांबद्दल, पोलिसांबद्दल टीव्हीवर काय कळणार हे एका स्थानिक कंपनीच्या हाती होतं. ती होती लामार लाइफ ही विमा कंपनी. या कंपनीचं टीव्ही केंद्र डिसेंबर १९५३ मध्ये तीन नंबरच्या चॅनलवर सुरू झालं.

डबघाईला आलेलं केंद्र म्हटलं की आपल्या मनात तोट्याचा ताळेबंद येतो. डब्ल्यूएलबीटीला पैशाची ददात नव्हती. त्याची बातमी रोगट होती, आणि हा रोग ताळेबंदात दिसत नसल्यामुळे मालकाला औषध घ्यावंसं कधी वाटलं नाही. केंद्राचे व्यवस्थापक फ्रेड बिअर्ड हे वर्णभेदाच्या रक्षणासाठी निघालेल्या सिटिझन्स कौन्सिलचे सदस्य होते. कौन्सिलचा कार्यक्रम केंद्रावर लागत असे. प्रक्षेपणाच्या मुख्य टापूतली सुमारे ४५ टक्के वस्ती कृष्णवर्णीय होती, पण पडद्यावर ती जवळजवळ नव्हतीच. उल्लेख आलाच तर गोऱ्यांच्या नावामागे लागणारं ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ त्यांच्या नावामागे लागत नसे. पुढे सुनावणीत आलेल्या साक्षीनुसार, एनबीसीचा सकाळचा कार्यक्रम सुरू होण्याआधी निवेदक प्रेक्षकांना बजावत असे की आता तुम्ही पाहाल त्या उत्तरेकडच्या एकतर्फी बातम्या आहेत, खऱ्या स्थानिक बातम्यांसाठी थांबा.

रॉबर्ट स्मिथ हे जॅक्सनचे पाद्री आणि किराणा दुकानदार. ते १९६२ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि प्रचारासाठी रोख पैसे मोजून वेळ विकत घ्यायला तयार होते, तरी तो मिळवताना त्यांच्या नाकी नऊ आले. मराठी वाचकाला इथे आंबेडकरांचा १९२० सालचा ‘मूकनायक’ आठवेल. पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, असं धनंजय कीरांनी आंबेडकर चरित्रात नोंदवलं आहे. फरक एवढाच की वर्तमानपत्र नवं काढता येतं. टीव्हीच्या लहरी मोजक्या असतात आणि त्या सरकारी परवान्याने मिळतात.

मे १९६३ मध्ये महापौर अ‍ॅलन थॉम्पसन यांनी टीव्हीवरून नागरी हक्कांच्या मागण्या झिडकारल्या. तेव्हा एनएएसीपीचे स्थानिक कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांनी तेवढाच वेळ मागितला. बऱ्याच खटपटीनंतर २० मे रोजी डब्ल्यूएलबीटीवरून ते १७ मिनिटं बोलले. जॅक्सनमधल्या हजारो गोऱ्यांनी एखाद्या कृष्णवर्णीय पुढाऱ्याला शांतपणे, मुद्देसूद बोलताना पहिल्यांदाच पाहिलं असेल. १२ जूनला, भाषणानंतर तीन आठवड्यांनी, एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली.

न्यूयॉर्कमध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या संपर्क विभागाचे प्रमुख होते पाद्री एव्हरेट पार्कर. प्रसारणाचा धंदा त्यांना आतून ठाऊक होता. निषेधाच्या पत्रांनी एफसीसी हलणार नाही, कारण तिला फक्त नोंदी कळतात, हे त्यांनी ओळखलं. मार्च १९६४ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जॅक्सनमधल्या गोऱ्या स्वयंसेवकांना टीव्हीसमोर बसवलं. कोणता कार्यक्रम किती मिनिटं लागला, कोण दिसलं, कुणाचं नाव कसं घेतलं, सगळं त्यांनी टिपलं. ही माणसं गावातलीच असल्याने उघडी पडली असती तर नोकरीही गेली असती आणि जीवही, म्हणून त्यांची नावं गुप्त राहिली. आपल्याकडे टीव्हीबद्दल तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. एक आठवडा बसून नोंद ठेवणारे मला फार थोडे भेटले आहेत, आणि म्हणून या आठवड्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या नोंदींच्या आधारे एप्रिलमध्ये अर्ज दाखल झाला : या केंद्राचा परवाना वाढवू नका. अर्जदारांत स्मिथ होते, आणि क्लार्क्सडेल गावात औषधाचं दुकान चालवणारे, एनएएसीपीचे राज्य अध्यक्ष एरन हेन्रीही होते. एफसीसीने उत्तर दिलं की तुम्हाला बोलण्याचा अधिकारच नाही. धंद्याचं नुकसान होणारा प्रतिस्पर्धी किंवा ज्याच्या लहरींत अडथळा येतो असा दुसरा प्रसारक, एवढ्यांनाच परवान्याला हरकत घेता येत असे. प्रेक्षक या हिशेबात कुठेच नव्हता. केंद्राला मात्र सुधारण्याच्या अटीवर एकाच वर्षाचा परवाना मिळाला.

२५ मार्च १९६६ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात न्यायाधीश वॉरन बर्गर यांनी हा दरवाजा उघडला. वर्तमानपत्र मालकाच्या मर्जीने चालू शकतं. प्रसारण केंद्राला मात्र जनतेच्या मालकीच्या मर्यादित लहरी फुकट वापरायला मिळतात, म्हणून त्याच्यावर जनतेचं देणं असतं, आणि ते वसूल करायला श्रोता-प्रेक्षक न्यायासनापुढे येऊ शकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. बर्गर चळवळीचे सहानुभूतिदार मानले जात नसत. हा निकाल सनातनी वृत्तीच्या न्यायाधीशाने दिला, म्हणूनच त्याला जास्त वजन आहे. हाच विचार भारतात कायदा म्हणून यायला १९९५ उजाडावं लागलं. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला, क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. अमेरिकन निवाड्यांचा परामर्श त्या निकालपत्रात विस्ताराने घेतलेला आहे.

बर्गर यांच्या निकालानुसार जॅक्सनमध्ये सुनावणी झाली, आणि एफसीसीने १९६८ मध्ये केंद्राला पुन्हा पूर्ण मुदतीचा परवाना दिला. प्रकरण परत बर्गर यांच्यापुढे आलं. २० जून १९६९ च्या निकालात ते भडकलेले दिसतात. मदतीला आलेल्या नागरिकांना आयोगाने विरोधकासारखं वागवलं आणि पुराव्याचा भार उलटा त्यांच्याच डोक्यावर टाकला, असं सांगून त्यांनी परवानाच रद्द केला. तीन दिवसांनी त्यांनी अमेरिकेचे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली.

इथवरची गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत सापडते. मला त्यापुढच्या भागाचं जास्त कुतूहल आहे. परवाना काढून घेतल्याने बातम्या सुधारत नाहीत. त्यासाठी रोज सकाळी कुणाला कुठे पाठवायचं हे ठरवणारी माणसं बदलावी लागतात.

कायमचा परवाना कुणाला द्यायचा यावर पाच कंपन्यांत चुरस लागली, आणि तो वाद वर्षानुवर्षं चालणार हे उघड होतं. तोवर केंद्र चालवायला कम्युनिकेशन्स इम्प्रूव्हमेंट ही ना-नफा संस्था नेमली गेली. तिच्या मंडळावर गोरे आणि कृष्णवर्णीय दोघेही होते, आणि पाद्री केनेथ डीन तिचे अध्यक्ष होते. जून १९७१ मध्ये तिने ताबा घेतला. लाभांश मागणारे भागधारक नसलेला मालक व्यापारी टीव्हीत दुर्मीळच असतो, आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत केंद्राला ज्या सवयी लागल्या त्यांचं बरंच श्रेय या विचित्र, तात्पुरत्या मालकीला आहे असं माझं मत आहे.

१९७२ मध्ये तिने विल्यम डिल्डे यांना महाव्यवस्थापक केलं. एखाद्या नेटवर्कशी जोडलेल्या व्यापारी टीव्ही केंद्राच्या प्रमुखपदी आलेले ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय. डिल्डे बॉस्टनचे होते. तिथल्या डब्ल्यूएचडीएच केंद्रात ते कर्मचारी विभाग सांभाळत होते. त्यांनी आजवर काम केलं होतं ते नोकरभरतीचं. बातमीदारी किंवा निर्मितीशी त्यांचा संबंध आला नव्हता. निवडीमागचं शहाणपण मला इथे दिसतं. जॅक्सनच्या केंद्राला पहिल्यांदा गरज होती ती माणसं कशी घ्यायची, कशी शिकवायची, आणि जुन्यांना बरोबर ठेवून नव्यांना जागा कशी द्यायची हे जाणणाऱ्याची. मिसिसिपीत टीव्हीचा अनुभव असलेले कृष्णवर्णीय उमेदवार मिळतच नाहीत, हे उत्तर अशा वेळी हमखास पुढे येतं. ते खरंही होतं, कारण वीस वर्षं त्यांना आतच घेतलेलं नव्हतं. म्हणून अनुभवी माणसं शोधत बसण्याऐवजी केंद्रातच माणसं घडवावी लागली.

पडद्यावर फरक दिसायला वेळ लागला नाही. कृष्णवर्णीय निवेदक आणि बातमीदार आले. मिसिसिपीच्याच याझू परगण्यात जन्मलेले रँडल पिंकस्टन याच काळात या केंद्रावर घडले आणि पुढे सीबीएस न्यूजच्या राष्ट्रीय बातम्यांत पोचले. पडद्यावरच्या चेहऱ्यांपेक्षाही मला मोलाचा वाटतो तो कॅमेऱ्यामागचा बदल. कॅमेरामन, तंत्रज्ञ, जाहिरात विभागातले विक्रेते, संपादनाच्या टेबलावरचे लोक, सगळीकडे मिश्र कर्मचारी आले. एखाद्या वस्तीत पाणी तुंबलं किंवा पोलिसांनी कुणाला मारलं, तर ते कळवायला त्या वस्तीतला माणूस फोन कुणाला करणार? आपल्या ओळखीचं कुणी तिथे असेल तरच तो करतो. अर्ध्या गावाला फोन करायला कुणी नसलेल्या वृत्तविभागाच्या बातम्याही अर्ध्याच असतात, मग निवेदक कितीही सज्जन असो.

आता गोरा प्रेक्षक पाठ फिरवेल आणि जाहिरातदार निघून जातील, असं भाकीत अनेकांनी केलं होतं. ते खोटं ठरलं. सत्तरच्या दशकात डब्ल्यूएलबीटीच्या बातम्या जॅक्सनच्या बाजारपेठेत आघाडीवर राहिल्या. केंद्राच्या ‘पॉवर पॉलिटिक्स इन मिसिसिपी’ या कार्यक्रमाला १९७६ चं पीबडी पारितोषिक मिळालं. प्रसारण क्षेत्रात याहून मानाचं पारितोषिक क्वचितच असेल, आणि ते मिसिसिपीतल्या सत्ताकारणावरच्या कामासाठी मिळालं, हे त्या केंद्राचा आधीचा इतिहास पाहता फार मोठं आहे. जे केंद्र सत्तेची तळी उचलत होतं, तेच आता सत्तेला जाब विचारत होतं.

१९८० च्या सुमारास कायमचा परवाना टीव्ही-३ या कंपनीकडे गेला. तिच्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्य मालकी होती आणि अध्यक्ष होते एरन हेन्री. १९६४ च्या अर्जावर सही करणारा औषधविक्रेता आता त्याच केंद्राच्या मालकमंडळाचा प्रमुख झाला होता. पण नव्या मालकांनाही परतावा हवा होता, आणि अंतर्गत ओढाताण सुरू झाली. १९८४ मध्ये डिल्डे बाहेर पडले आणि पुढे जॅक्सनच्याच डब्ल्यूजेटीव्ही या प्रतिस्पर्धी केंद्राचे व्यवस्थापक झाले. डब्ल्यूएलबीटीची सूत्रं फ्रँक मेल्टन यांच्याकडे आली. ‘द बॉटम लाइन’ या आपल्या संपादकीयातून ते अमली पदार्थ विकणाऱ्यांवर थेट तुटून पडत. लोकांना ते आवडे, आणि २००५ मध्ये लोकांनी त्यांना महापौर केलं. केंद्राचा प्रमुख स्वतःच पडद्यावरचा नायक होतो तेव्हा त्याच्या हाताखालच्या बातमीदाराचं काम अवघड होतं, असं मला वाटतं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या हाती मालकी येणं न्याय्यच होतं. त्याने वृत्तविभागाची शिस्त आपोआप टिकते असं मात्र नाही.

त्यानंतर केंद्र विकलं जात राहिलं : २००० मध्ये लिबर्टी कॉर्पोरेशन, २००६ मध्ये रेकॉम, २०१९ मध्ये ग्रे टेलिव्हिजन. ग्रेची केंद्रं आज शंभराहून अधिक शहरांत आहेत, आणि मालकाचं मुख्यालय अटलांटाला आहे. दोन्ही बाजूंना वेळ देण्याचं बंधन घालणारा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ हा नियम एफसीसीने १९८७ मध्ये काढून टाकला. टीव्हीच्या परवान्याची मुदत तीन वर्षांची होती, ती १९८१ मध्ये पाच झाली आणि १९९६ च्या कायद्याने आठ. पार्कर २०१५ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. डिल्डे २०१७ मध्ये गेले. लामार लाइफच्या काळातली, १९५४ ते १९७१ ची न्यूजफिल्म मिसिसिपी राज्य अभिलेखागारात जपलेली आहे. त्या वर्षांत केंद्राने काय टिपलं हे तिथे बसून अजूनही पाहता येतं.

बर्गर यांनी १९६६ मध्ये दिलेला अधिकार कायद्यात अजून शाबूत आहे. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली की जॅक्सनमधला कोणताही नियमित प्रेक्षक एफसीसीकडे हरकतीचा अर्ज करू शकतो. मिसिसिपीतल्या टीव्ही केंद्रांच्या परवान्यांची चालू मुदत १ जून २०२९ रोजी संपते.