ज्येष्ठांचा सांभाळ आणि त्यांचा हक्क

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे आईवडील आज साठी-सत्तरी ओलांडून गावातच राहतात. आपण मात्र नोकरीनिमित्त दूर शहरात स्थायिक झालो आहोत. अशा वेळी मनात केवळ कृतज्ञता बाळगून भागत नाही. ज्येष्ठांसोबतचे समाजकार्य कसे चालते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

या कार्याचा पहिला नियम असा, की ज्येष्ठांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून, शक्यतो एकांतात ऐकावे. घरच्यांचे सांगणे पूरक मानावे. उपासमार, मारहाण किंवा कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा या गोष्टी चारचौघांत उघड होत नाहीत. जेवण टाळणाऱ्या आजीचे दात दुखत असू शकतात. वारंवार विसरणाऱ्या आजोबांना ‘म्हातारचळ’ लागला असे न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरी बाब उत्पन्नाची. महाराष्ट्रात ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. परंतु मजुरीत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हयातीचा दाखला द्यायचा राहून जातो आणि पैसे अडकतात. त्यांच्यासोबत बँकेत वा तहसील कार्यालयात जाणे हेही समाजकार्यच होय.

तिसरी बाब कायद्याची. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्यानुसार, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे आईवडील न्यायाधिकरणाकडे मुलांकडून निर्वाह मागू शकतात. त्यांनी अधिकार दिल्यास संस्थाही अर्ज करू शकते. कलम २३ विशेष ध्यानात ठेवावे. सांभाळाच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावे केली आणि पुढे त्याने सांभाळ नाकारला, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. म्हणून बक्षीसपत्रात ही अट स्पष्ट लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर सही करू नये. मार्गदर्शनासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा निःशुल्क मदत क्रमांक आहे.

पुष्कळ आईवडील पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करण्यास तयार होत नाहीत. त्यांच्यावर दडपण आणणे योग्य नव्हे. निर्णय त्यांचाच असतो. मात्र हक्क ठाऊक असूनही न बजावणे वेगळे आणि तो ठाऊकच नसणे वेगळे. ही माहिती आपल्या वस्तीतील प्रत्येक वृद्धापर्यंत पोहोचवणे, ही आपणा शिकलेल्यांची जबाबदारी आहे.