खाद्यवेष्टन : एक समास, दोन विग्रह

'खाद्यवेष्टन' या सामासिक शब्दाचे दोन विग्रह संभवतात. 'खाद्याचे वेष्टन' हा तत्पुरुष सर्वपरिचित होय. 'खाद्य असे वेष्टन' हा कर्मधारय मात्र अन्नतंत्रज्ञानातील अलीकडच्या संशोधनाला अभिप्रेत असतो. कल्पना तशी जुनीच. विड्याचे पान वेष्टनही असते आणि खाद्यही. उलट पातोळीला वेढणारे हळदीचे पान आपला गंध देऊन बाजूला सारले जाते. तापलेल्या सोयादुधावर धरणारी साय, म्हणजे जपानमधील 'युबा', ही विड्याच्या पानाच्या जातीची.

प्रयोगशाळेत स्टार्च, पेक्टिन, जिलेटिन किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यांचे द्रावण करून त्यात लवचीकपणासाठी ग्लिसरॉल घालतात. त्याचा पातळ थर वाळवला की पटल तयार होते. या द्रावणातच हळदीतील कर्क्युमिन, चहातील कॅटेचिन अथवा कोकमातील अँथोसायनिन मिसळता येते. कर्क्युमिन अल्कधर्मी परिसरात पिवळ्याचे तांबडे होते. मासळी नासू लागली की अमोनिया व अमाईन वायू सुटतात आणि पटलाचा रंग पालटतो. हळदीचे कुंकू करणाऱ्या कारागिराला हे रसायन नावाविना अवगत होते.

खरी अडचण 'आरोग्यवर्धक' या विशेषणाची आहे. पटलातील प्रतिऑक्सिडीकारक प्रथमतः अन्नातील स्निग्धांशाचे रक्षण करतो, खाणाऱ्याचे नव्हे. जाहिरातीची भाषा मात्र हा गुण अन्नावरून भोक्त्यावर सहज सरकवते. ही लक्षणा आहे हे वाचकाच्या ध्यानीही येत नाही. मिलिमीटरच्या अंशाइतक्या जाडीच्या पटलातून पोटात जाणारे प्रमाण अल्प, आणि कर्क्युमिन तर आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. अन्न टिकवणे हे कार्य काही कमी मोलाचे नव्हे. त्याला औषधाचा वेष चढवण्याचे कारण नाही.

शिवाय अशी बहुतेक पटले ओलाव्यापुढे दुबळी ठरतात, आणि हाताळणीतील मळापासून वाचवण्यासाठी त्यांवर आणखी एक, न खाण्याजोगे वेष्टन लागते. वेष्टन खाद्य झाले की खाद्याचे सारे प्रश्न त्यालाही लागू होतात. जिलेटिन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, कायटोसान कवचधारी जलचरांपासून. तेव्हा आतला पदार्थ निव्वळ शाकाहारी असला तरी पाकिटावरील हिरव्या वर्तुळाचा अधिकार त्याला उरत नाही.